मिशी कोणाची?

१८०५ सालच्या नोव्हेंबरात मद्रास फौजेचे सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक यांनी शिपायांच्या पोशाखाचे आणि चेहऱ्याचे नवे नियम काढले. कवायतीला किंवा पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिपायाची हनुवटी गुळगुळीत भादरलेली असावी. वरच्या ओठावरचे केस साऱ्या पलटणीत होता होईतो एकाच मापाचे आणि एकाच घाटाचे असावेत. गणवेश अंगावर असताना कपाळाला गंध लावू नये, कानांत बाळ्या घालू नयेत. जोडीला नव्या घाटाची पगडी आली आणि तिच्यावर चामड्याचा तुरा होता. हुकूम काढणाऱ्यांच्या लेखी हा सगळा टापटिपीचा मामला होता. रांगेत उभी राहिलेली पलटण एकसारखी दिसावी, एवढाच त्यांचा हेतू. शिपायांना त्यात वेगळेच दिसले. मे १८०६ मध्ये विरोध करणाऱ्यांपैकी दोघांना, एक हिंदू आणि एक मुसलमान, फटके मारून फौजेतून काढून टाकले. १० जुलैच्या पहाटे, अंधार असतानाच, वेल्लोरच्या किल्ल्यातले शिपाई उठले आणि शंभरावर गोरे सैनिक व अधिकारी मारले गेले. अर्काटहून घोडदळ घेऊन निघालेला कर्नल गिलेस्पी त्याच सकाळी येऊन पोहोचला. त्याने किल्ला परत घेतला आणि त्यानंतर किल्ल्याच्या आत साडेतीनशेच्या आसपास शिपायांची कत्तल झाली. नियम मागे घ्यावे लागले. क्रॅडॉक आणि मद्रासचे गव्हर्नर विल्यम बेंटिंक या दोघांनाही ईस्ट इंडिया कंपनीने परत बोलावून घेतले.

वेल्लोरच्या उठावाचे कारण दाढी-मिशी होते, असे म्हणणे अर्थात खोटे ठरेल. शिपायांचा सर्वांत मोठा राग त्या चामडे लावलेल्या पगडीवर होता. ती फिरंग्यांच्या टोपीसारखी दिसते आणि आज पगडी आली तर उद्या बाटवाबाटवी येईल, अशी धास्ती पसरली होती. टिपू सुलतानाचे कुटुंब त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते आणि उठाव झाल्यावर त्याचा झेंडाही किल्ल्यावर चढला, म्हणून राजकीय कटाची बाजूही इतिहासकारांनी मांडलेली आहे. हे सगळे मान्य करूनही त्या हुकमाची कलमे एकत्र वाचली की एक गोष्ट नजरेत भरते. गंध, बाळी, दाढी, मिशी, डोक्यावरचे बांधणे या पाच गोष्टींवरून त्या काळचा माणूस समोरच्याचा धर्म, जात, गाव, वय, एवढेच काय त्याच्या घरातले अलीकडचे मरणही ओळखत असे. पाचही गोष्टींवर एका कागदाने एकदम हात घातला होता. हिंदूच्या कपाळावर आणि मुसलमानाच्या हनुवटीवर सरकारने एकाच वेळी हक्क सांगितला, म्हणूनच फटके खाणाऱ्या दोघांत एक हिंदू आणि एक मुसलमान होता. दाढी-मिशीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा केसांच्या घाटांची यादी करतो: अमुक काळी कल्ले, तमुक काळी झुपकेदार मिशा, मग सफाचट. पण घाट हा इतिहासाचा वरवरचा भाग आहे. पुरुषाच्या चेहऱ्यावरच्या केसांविषयी निर्णय कोण घेत होता आणि तो निर्णय त्या पुरुषाच्या स्वतःच्या हातात कधी आला, हा खरा प्रश्न आहे, असे मला वाटते. पुढे सव्वाशे वर्षांत आपल्याकडे जे घडले ते या प्रश्नावाचून उलगडत नाही.

वेल्लोरच्या वेळचा मराठी चेहरा कसा होता, याचा पुरावा चित्रांत आहे. शिवाजी महाराजांची जी समकालीन चित्रे युरोपातल्या संग्रहांत आहेत त्यांत टोकदार दाढी दिसते. पेशव्यांच्या चित्रांत दाढी नाही, रेखीव मिशी आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे केली. दरबारी आणि लष्करी पेशाचे चेहरे त्या काळात एकमेकांपासून किती वेगळे पडत होते, हे अशा चित्रांतून कळते. लढाऊ सरदारांत कल्ले आणि गलमिशा, लेखणीवाल्यांत बारीक मिशी, भिक्षुकाचा आणि संन्याशाचा चेहरा भादरलेला. पण या सगळ्या तऱ्हांच्या खाली एक समान पाया होता. गृहस्थाची मिशी त्याच्या एकट्याची नव्हती, ती वडिलांशी बांधलेली होती. वडील गेले की मुलाने क्षौर करायचे, डोईबरोबर मिशीही उतरवायची. आणि वडील हयात असताना मिशीला वस्तरा लावायचा नाही, हा दंडक पुष्कळ जातींत कसोशीने पाळला जाई. त्यामुळे ज्याच्या ओठावर मिशी नाही त्याच्या घरात सुतक आहे, हे गावाला न सांगता कळे. मिशीला पीळ देणे, मिशीवर ताव मारणे, मिशी उतरवून देईन म्हणून पैज लावणे, घरी खायला नसताना मिशीला तूप लावून हिंडणे, हे सगळे वाक्प्रचार याच पायावर उभे आहेत. मिशी म्हणजे घराण्याची अब्रू, आणि तिचा मालक घराणे.

मालकीत गावाचाही वाटा होता. दाढी स्वतःची स्वतः करायची नसे, ती न्हाव्याने करायची. न्हावी हा बलुतेदार. त्याला प्रत्येक हजामतीचे पैसे मिळत नसत, सुगीला घरटी धान्य मिळे. झाडाखाली किंवा ओसरीच्या कडेला तो धोकटी सोडून बसे. तीतून वस्तरा, कात्री, नखे काढायची नराणी, छोटी आरसी, पाण्याची वाटी निघे. साबण नव्हताच. गार पाण्याने गाल चोळून चोळून मऊ करायचे, वस्तरा चामड्यावर चार वेळा फिरवायचा आणि गिऱ्हाईकाची मान दोन बोटांनी हवी तशी वळवून हनुवटीखालून सुरुवात करायची. आरसी शेवटी हातात मिळे, तीही मिशीची दोन्ही टोके सारखी आली की नाहीत एवढे पाहण्यापुरती. अमुक वारी हजामत नाही, अमुक तिथीला नाही, हे पंचांगाने ठरलेले. आणि कोणाची हजामत करायची नाही, हे जातीने ठरलेले. महार-मांगांच्या गालाला गावचा वस्तरा लागत नसे. त्यांना आपसांतच एकमेकांची डोई-दाढी करावी लागे. म्हशी भादरणारा न्हावी आपल्याला शिवत नाही, ही जळजळ दलितांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा आलेली आहे. म्हणजे वडील, पंचांग, जात आणि न्हावी असे चार अधिकारी एका ओठावर बसलेले होते. पाचवा अधिकारी म्हणून सरकार येऊन बसू पाहत होते, आणि वेल्लोरला त्याचा पहिला प्रयत्न रक्तात बुडाला.

पुढची गोष्ट मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत अर्थपूर्ण वाटते. वेल्लोरनंतर पन्नास वर्षांच्या आत त्याच कंपनीच्या दुसऱ्या फौजेने, म्हणजे आपल्या मुंबई फौजेने, नेमका उलटा हुकूम काढला, आणि तोही आपल्याच गोऱ्या सैनिकांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज सभ्य गृहस्थाचा चेहरा सफाचट असे. घोडदळाच्या काही पलटणी सोडल्या तर फौजेतही मिशीला मज्जाव होता. १८४० च्या दशकात इंग्लंडात दाढी-मिशी म्हणजे चार्टिस्ट चळवळ्या, फ्रान्सहून आलेला क्रांतिकारक किंवा फाटका कलावंत, असेच समीकरण होते. हिंदुस्थानात मात्र या सफाचट अधिकाऱ्यांपुढे एक अडचण उभी राहत होती. ज्या शिपायांवर हुकूम चालवायचा त्यांच्या लेखी बिनमिशीचा माणूस म्हणजे एक तर पोरगा, नाही तर सुतकी. सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियरसारखे लोक आधीच लांब दाढ्या राखून हिंडत होते. अखेर १८५४ मध्ये मुंबई फौजेतल्या गोऱ्या सैनिकांना मिशी सक्तीची झाली. गव्हर्नर जनरल डलहौसी यांना हे मुळीच रुचले नव्हते. इंग्रज सैनिक फ्रेंचासारखा दिसू लागेल, हे त्यांचे दुखणे होते. पण हुकूम टिकला.

यावर आक्षेप असा घेतला जातो की मिशी हिंदुस्थानामुळे आली हा आपला भाबडा अभिमान आहे; युरोपातच वारे बदलले होते. त्यात तथ्य आहे. चार्ल्स डिकन्स चालवत असलेल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात १८५३ मध्येच दाढी करण्याच्या सवयीविरुद्ध लेख आला होता. दाढी धूळ आणि थंड हवा गाळते, घशाचे विकार टाळते, असे वैद्यकीय दाखले त्या काळी दिले जात. १८५४ मध्येच क्रिमियाचे युद्ध सुरू होते, आणि तिथल्या हिवाळ्यात सैनिकांनी राखलेल्या दाढ्या १८५६ मध्ये त्यांच्याबरोबर लंडनला परतल्या. तेव्हा ब्रिटिश मिशीचे श्रेय एकट्या मुंबई फौजेला देता येणार नाही. पण मुंबईचा हुकूम आणि लंडनची टूम यांत एक मोठा फरक आहे. लंडनच्या माणसाला दाढी ठेवण्याची मुभा मिळाली. मुंबईच्या सैनिकावर सक्ती झाली. सक्ती तिथेच होते जिथे समोरच्यावर छाप पाडायची असते, आणि ही छाप कोणत्या प्रेक्षकांवर पाडायची होती, हे सांगायला नको. राज्यकर्त्याने प्रजेच्या चेहऱ्याचा अर्थ शिकून घेतला आणि स्वतःच्या चेहऱ्यावर चढवला. पुढे साऱ्या ब्रिटिश फौजेच्या नियमावलीत हेच शिरले: हनुवटी आणि खालचा ओठ भादरावा, वरचा ओठ भादरू नये. पन्नासेक वर्षे वरच्या ओठाला वस्तरा लावणे हा गोऱ्या सैनिकाचा शिस्तभंग ठरला. याच काळात फौजेने शिखांच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे टाकले. भरती झालेल्या शिखाने केस आणि दाढी राखलीच पाहिजे, खालशाची दीक्षा घेतलीच पाहिजे, असा आग्रह सरकारी अधिकारी धरू लागले. १८०६ मध्ये शिपायाची दाढी काढू पाहणारे सरकार आता शिपायाला दाढी राखायला लावत होते. केस वेगळे, पण मालकीचा दावा तोच.

आता पुण्या-मुंबईकडे वळू. १८८० ते १९१० या काळातले मराठी पुढाऱ्यांचे फोटो एका ओळीत मांडून पाहावेत. रानडे, टिळक, आगरकर, गोखले: यांच्यात संमतिवयावरून, सामाजिक सुधारणेवरून, स्वराज्याच्या मार्गावरून केवढे वाद झाले! एकमेकांवर त्यांनी किती तिखट लिहिले! पण मिशी सगळ्यांना आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची भरघोस मिशीही त्याच ओळीत शोभते. सुधारकांनी शेंडीविषयी विचार केला, सोवळ्याविषयी केला, चहाविषयी केला, बायकांच्या केशवपनाविषयी तर हिरिरीने केला. स्वतःच्या मिशीविषयी मात्र करावासा वाटला नाही. बंडखोराला जी गोष्ट प्रश्न म्हणून दिसतच नाही, तिथे रूढीची पकड सर्वांत घट्ट असते. वस्तऱ्याविषयीचा खरा बंडखोर निर्णय त्या काळात घेतला तो पुढाऱ्यांनी नव्हे, न्हाव्यांनी. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधू’ चालवणारे, गिरणी कामगारांचे संघटक. ती कहाणी डोक्याच्या केसांची आणि बायकांच्या दुःखाची आहे, या लेखाच्या कक्षेबाहेरची. तरी इथे तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण ज्या हातात वस्तरा होता त्या हातानेच प्रथमच जाहीरपणे म्हटले की रूढी सांगेल त्याच्या डोक्यावर आम्ही तो चालवणार नाही.

पुरुषाच्या मिशीवरची रूढी सैल व्हायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि तिचा ताण कुठे होता हे एका प्रसंगात लख्ख दिसते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात बायकांची कामे पुरुषांनीच केली. तारामती झाले ते अण्णा साळुंके, आधी एका खाणावळीत काम करणारे. चित्रीकरणाच्या वेळी बायकांच्या भूमिकांतल्या पुरुषांना मिशा काढायला सांगितल्यावर काहींनी पाय मागे घेतला: वडील जिवंत आहेत, मिशी कशी काढू? फाळक्यांना त्यांची समजूत घालावी लागली. फाळक्यांविषयीच्या आठवणींत ही गोष्ट सांगितली जाते आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटातही ती आलेली आहे. लोक ती ऐकून हसतात. त्यात हसण्यासारखे फार थोडे आहे. त्या माणसांना लुगडे नेसायची लाज वाटत नव्हती. चेहऱ्याला रंग लावून बाईसारखे उभे राहायलाही ते तयार होते. त्यांचा पाय अडला तो फक्त वडिलांच्या जिवापाशी. लुगडे संध्याकाळी सोडता येते, रंग पुसता येतो. मिशी मात्र उतरली की घरी जाताना रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारणार, तात्या कधी गेले? आणि समोर ओसरीवर तात्या बसलेले असणार. आपल्या हाताने आपल्या बापाचे सुतक ओढवून घेतल्यासारखे ते होते.

रंगभूमीवर हा पेच आधीपासून होता. बालगंधर्वांसारख्या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला चेहरा कायम गुळगुळीत ठेवावा लागे आणि अशा नटांसाठी समाजाने तेवढी सवलत मान्य केलेली होती. नटाला, भिक्षुकाला, संन्याशाला, सुतक्याला सफाचट चेहरा माफ, बाकीच्यांना नाही. नवे घडले ते एवढेच की १९१० ते १९४० या तीस वर्षांत ज्याला यांपैकी कोणतेच कारण नव्हते अशा कॉलेजातल्या, कचेरीतल्या, वकिलीतल्या तरुणाने मिशी काढली. मराठी लेखकांच्या दोन पिढ्यांवरून नजर फिरवली तरी हे दिसते. हरिभाऊ आपटे, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी यांचे फोटो मिशीचे. ना. सी. फडके, आचार्य अत्रे आणि त्यांच्यामागून पु. ल. देशपांडे यांचे चेहरे सफाचट. राजकारणातही टिळक-गोखल्यांनंतर आंबेडकर, नेहरू, जिना, सुभाषबाबू. विचारांनी चार दिशांना तोंड असलेली ही माणसे, पण मिशी एकालाही नाही. इतक्या थोड्या वर्षांत इतका सरसकट बदल कशामुळे झाला?

सर्वांत सोपे उत्तर तयारच असते: साहेबाची नक्कल. हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि त्याचे कारण वर आलेच आहे. ज्या काळात आपल्याकडे साहेबाचा दरारा शिगेला होता, त्या १८६० ते १९०० च्या काळात साहेब स्वतः मिशाळ होता. नक्कलच करायची तर मिशी ठेवायची होती, आणि ती तर आपल्याकडे आधीपासूनच होती. ब्रिटिश फौजेतली मिशीची सक्ती उठली ती ६ ऑक्टोबर १९१६ ला, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना. तो हुकूम काढणारे जनरल नेव्हिल मॅक्रेडी यांना स्वतःची मिशी नकोशी झाली होती आणि सही केल्यावर त्यांनी ती लगेच उतरवून घेतली. म्हणजे हरिश्चंद्राच्या चित्रीकरणाच्या वेळी सफाचट ओठ हा गोऱ्या सैनिकाच्या लेखी अजून गुन्हाच होता. लॉर्ड कर्झन यांचे उदाहरण याच्या विरुद्ध देता येईल, आणि ते द्यायलाही हवे. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेले कर्झन बिनमिशीचे होते आणि उत्तर हिंदुस्थानात सफाचट चेहऱ्याला लोक कर्झन फॅशन म्हणत. तेव्हा नकलेचा अंश होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कर्झन ज्या बंगालच्या फाळणीमुळे देशभर नावडते झाले, त्या फाळणीविरुद्ध परदेशी मालाच्या होळ्या करणाऱ्या पिढीतले तरुणही पुढे सफाचट झाले. ज्याचा कापडाचा तुकडा नको त्याचा चेहरा मात्र हवा, असे काही नक्कल करणाऱ्याच्या मनात असेल हे पटत नाही.

दुसरे उत्तर यंत्राचे. किंग जिलेट यांचे सुरक्षित रेझर १९०३ मध्ये बाजारात आले तेव्हा वर्षभरात अवघी ५१ रेझरे आणि १६८ पाती खपली. महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी तशी पस्तीस लाख रेझरे मागवली. पाते स्वस्त झाले, दाढी घरच्या घरी रोज करता येऊ लागली, म्हणून मिशी गेली, असा हा युक्तिवाद. यात रोज दाढी करण्याचे कारण सापडते, मिशी काढण्याचे सापडत नाही. हनुवटी तर वस्तऱ्याने शतकानुशतके साफ होतच होती, आणि वडील गेले त्या सकाळी तोच वस्तरा मिशीही काही क्षणांत उतरवत होता. अडचण हत्याराची कधीच नव्हती. रेझरने केले ते दुसरेच आणि माझ्या मते फार मोठे काम: त्याने पुरुषाच्या हातात स्वतःचा आरसा दिला. हजामत ओसरीवरून न्हाणीघरात गेली. वार पाहायला न्हावी नाही, तोंड पाहायला शेजारी नाही, वडील उठायच्या आत काम उरकलेले. ज्याला गावच्या वस्तऱ्याने कधी स्पर्शच केला नव्हता त्याला तर या छोट्या पात्याने कोणाचीही परवानगी न मागता स्वच्छ गालाने घराबाहेर पडण्याची सोय करून दिली. शहरातल्या सलूनने तेच काम पैशाच्या व्यवहाराने केले. खुर्चीवर बसणाऱ्याने चार पैसे ठेवले की जात विचारण्याचे कारण कमी होत गेले, जरी खेड्यापाड्यांत ते अजूनही पुरते संपलेले नाही.

मग मिशी का गेली? मला दिसणारे उत्तर असे: ती पिढी वडिलांपासून वेगळी राहू लागली होती. पुण्या-मुंबईत खोली घेऊन शिकणारा, परीक्षा देऊन नोकरीला लागणारा, पगार स्वतःच्या नावावर घेणारा तरुण हा मराठी घरात नवाच प्राणी होता. त्याचे लग्न, त्याचे वाचन, त्याचे राजकारण यांवर घरात रोज खटके उडत. या सगळ्यांत मिशी ही सर्वांत लहान गोष्ट, पण वडिलांच्या जिवाशी बांधलेली आणि म्हणून सर्वांत नाजूक. ती काढून घरी जाणे म्हणजे तुमच्या मरणाशी माझ्या चेहऱ्याचा संबंध मी मानत नाही, हे शब्दांवाचून सांगणे होते. ते सांगताना बापाचे अशुभ चिंतण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंना ते फार लागले असणार. शेतीवाडी, तालीम, फौज, पोलीस यांत राहिलेल्यांना हा तुटलेपणा आला नाही, म्हणून तिथे मिशी राहिली. प्रतिसरकारचे नाना पाटील फेटा आणि मिशीतच शोभले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर भरघोस दाढी राखली. हे पुरोगामी नव्हते, असे कोण म्हणेल? सफाचट म्हणजे आधुनिक आणि मिशाळ म्हणजे जुनाट, हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मिशी काढून पुरुष मोकळा झाला म्हणता, पण थोड्याच वर्षांत सफाचट चेहरा हीच कचेऱ्यांची नवी सक्ती झाली. मग मालकी कोणाची सुटली? हे खरे आहे. मुलाखतीला जाताना दाढी करून जा, हे सांगणारा बाप पूर्वीच्या बापाइतकाच हुकमी होता. निर्णय पुरुषाच्या हातात आला तो कायमचा आला नाही. तो मधल्या काही वर्षांत, एका दंडकाकडून दुसऱ्याकडे जाताना, त्याच्या हातात राहिला. पण त्या वर्षांत जे कळले ते नंतर पुसता आले नाही: चेहऱ्यावरचे केस बदलले म्हणून बाप मरत नाही.

ज्यांना हा निर्णय कधीच मिळाला नव्हता त्यांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली, आणि माझ्या म्हणण्याला तिथेच सर्वांत पक्का आधार मिळतो. एस. हरीश यांची ‘मीशा’ ही मल्याळम कादंबरी २०१८ ची. तिच्यात केरळच्या कुट्टनाडमधला एक दलित माणूस नाटकातल्या पोलिसाच्या छोट्याशा कामासाठी मिशी वाढवतो आणि नाटक संपल्यावर ती काढायला नकार देतो. साऱ्या गावाला त्याची धडकी भरते. कादंबरी काल्पनिक आहे, पण तिच्या आधीच्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात मिशी राखल्याच्या रागातून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यावर कितीतरी दलित तरुणांनी आपल्या मोबाइलवरचा ओळखीचा फोटो हटवून त्या जागी पीळदार मिशीचे चित्र लावले. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या कारकुनाने मिशी काढून जे मिळवले तेच या तरुणांना मिशी राखून मिळवायचे होते. केस तेच, अर्थ उलटे, मागणी एकच: हा ओठ माझा आहे.

या सगळ्या इतिहासाचा बराचसा पुरावा ग्रंथालयांत नाही, घराघरांत आहे: लग्नाचे, मुंजीचे, कॉलेजच्या निरोपसमारंभाचे, फौजेत भरती झाल्यावर काढलेले पिवळे पडलेले फोटो. त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीवर ना नाव आहे ना साल, आणि सालाशिवाय तो चेहरा इतिहासाला उपयोगी पडत नाही. ज्यांच्या घरात असा एखादा फोटो आहे त्यांनी त्याच्यामागे पेन्सिलीने नाव, गाव आणि अंदाजे का होईना वर्ष लिहून ठेवावे. वडिलांनी किंवा आजोबांनी मिशी कधी काढली किंवा कधी राखली, तेव्हा घरात कोण काय म्हणाले, हे आठवणारी माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना हे लवकर विचारून घ्या.